उजव्या खांद्यावरची पाकळी

नास्तिक माणूस कशावरही विश्वास ठेवत नाही. तो फक्त तपासतो. आमच्या विवेक मंडळाचं हे पहिलं तत्त्व होतं, आणि दर रविवारी सकाळी खोत सरांच्या बैठकीच्या खोलीत पोहे येईपर्यंत ते अढळ असे. पोहे वहिनी करत. आतल्या देवघरात नैवेद्य दाखवल्याशिवाय त्या एकही बशी बाहेर पाठवत नसत, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते कुणी कधी तपासायला गेलं नाही.

त्या रविवारी विषय गंभीर होता. मंडळाला दहा वर्षं होत आली होती, स्मरणिका निघणार होती, आणि तिच्या पहिल्या पानावर सर्व नास्तिकांना मान्य होईल अशी समान भूमिका छापायची होती. खोत सर निवृत्त झालेले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. त्यांनी भूमिका एका पानात बसवायला सांगितली होती. ती एका ओळीतही बसत नव्हती.

"पहिलं कलम, देव नाही," चौगुले वकील म्हणाले.

"'नाही' कशाला म्हणता?" कापडवाले कुंभोजे म्हणाले. "'असल्याचा पुरावा नाही' म्हणा."

"म्हणजे उद्या पुरावा आला तर मानणार?"

"अलबत."

"मग तुम्ही नास्तिक कसले, कुंभोजे? तुम्ही उमेदवार."

कुंभोजे पोह्यांतला कांदा वेचून बशीच्या कडेला लावत राहिले. घराण्यात कांदा खात नाहीत. धर्म सुटला तरी जीभ सुटली नाही, असं ते स्वतःच सांगत.

मंडळात बाई म्हणून मी एकटी. इतिवृत्त माझ्याकडे होतं, कारण माझं अक्षर चांगलं होतं. रिकाम्या बश्या आत नेऊन ठेवणंही माझ्याकडे होतं. त्याचं कारण इतिवृत्तात कुठे नाही.

मी बश्या उचलत असतानाच दारात रतन उभी राहिली. रतन गुरव. कन्याशाळेत ती माझी विद्यार्थिनी होती. "माझा आवडता प्राणी" या निबंधात सगळ्या मुलींनी गाय आणि कुत्रा लिहिला होता, हिने देवळातला नंदी लिहिला होता. दगडाचा असला म्हणून काय झालं, रोज मीच त्याला धुते, असं तिचं म्हणणं होतं. पुढे लग्न झालं, नवऱ्याने टाकलं, आणि ती वाडीला बापाकडे परत आली, एवढं माझ्या कानावर होतं.

"बाई, ही देव न मानणारी माणसं न्हवं?" तिने दारातूनच विचारलं.

"हो. ये आत. काय झालं?"

"बा गेला."

तिने सगळं उभ्याउभ्याच सांगितलं. वाडीच्या सिद्धोबाची पूजा गुरवांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होती. बापाला अर्धांगवायू झाला तेव्हापासून, म्हणजे वर्षाहून जास्त, ती पूजा रतनच करत होती. अंधारात उठून गाभारा धुवायचा, देवाला स्नान, गंध, फूल. उजाडलं की बापाला खांद्यावर टेकवून देवळाच्या पायरीवर आणून बसवायचं, म्हणजे गावाला दिसायला पुजारी दिसे. गावाला सगळं माहीत होतं. कुणी बोललं नव्हतं. बाप गेल्यावर मात्र बोलायची वेळ आली, कारण आता पूजा कुणाच्या तरी नावावर लावायची होती. चुलतभाऊ दिनकर पुढे आला होता. बाईमाणसाने गाभाऱ्यात पाय ठेवायचा नाही हा सिद्धोबाचा रिवाज. पूजा दिनकरला मिळाली की देवळामागची खोली आणि देवाच्या नावचं रान, दोन्ही त्याच्याकडे जाणार होतं. रतन आणि तिची म्हातारी आई रस्त्यावर.

"परवा बैठक हाय देवळात," ती म्हणाली. "माझ्या बाजूनं दोन माणसं हुबी ऱ्हायला पायजेत. आमच्या गावात एक माणूस असा न्हाई, जो देवाला भीत न्हाई. मला न भिणारी माणसं पायजेत."

अशी मागणी मंडळाकडे पूर्वी आली नव्हती. म्हणजे कसलीच मागणी आली नव्हती.

"एक शंका," चौगुले म्हणाले. "आपण मागतो आहोत काय? स्त्रीला देवाची पूजा करण्याचा हक्क. जो देवच नाही, त्याच्या पूजेचा हक्क आपण कसा मागणार?"

"तथाकथित देवाची पूजा, असं लिहू," कुंभोजे म्हणाले.

"पूजाही तथाकथित."

"तथाकथित देवाच्या तथाकथित पूजेचा हक्क."

"हक्क तरी खरा आहे ना?" मी विचारलं.

"तो मुद्दा वेगळा, मॅडम."

रतन माझ्याकडे बघत होती. शाळेत भूमितीच्या तासाला बघायची, तशी.

"हे बघ बाळ," चौगुले तिच्याकडे वळून समजावणीच्या सुरात म्हणाले, "त्या दगडाच्या मागे तू लागतेस कशाला? चांगलं झालं सुटलीस म्हण. शिवणकाम शीक. मी मशीन मिळवून देतो."

"दगड न्हाई तो, साहेब."

"मग काय आहे?"

"सिद्धोबा हाय."

"हे बघा," चौगुले आम्हाला म्हणाले, "हिचीच तयारी नाही."

मग माझ्या ध्यानात आलं की मंडळात प्रथमच एकमत होतंय. देव आहे की नाही, की त्याला फक्त पुरावा नाही, यावर दहा वर्षं जमलं नव्हतं. पण रतनने गाभाऱ्यात जाऊ नये, यावर वाडीचे पंच आणि आमचं मंडळ एका मिनिटात एका बाजूला आले होते. कारणं तेवढी वेगळी.

मी बश्या खाली ठेवल्या. "मी जाणार आहे," मी म्हटलं. "कुणी येतंय?"

खोत सर उठले. सर भला माणूस. कुणी पडलेला दिसला की उचलणारा, आणि उचलता उचलता तो कोणत्या बलामुळे पडला हे सांगणारा.

"मी येतो, मॅडम. अन्याय तो अन्याय."

"सर, तिथे एवढंच म्हणायचं, पूजा रतनलाच द्या. देव आहे-नाही हा विषय नाही काढायचा."

"एक अक्षर बोलणार नाही."

आतून वहिनींचा आवाज आला, "बघा हं, बाई."

वाडीला आम्ही सरांच्या स्कूटरवरून गेलो. देऊळ छोटं, दगडी, पुढे पत्र्याचा सभामंडप. मंडपात पुरुष बसले होते. बायका मंडपाच्या उंबऱ्याबाहेर, चौथऱ्यावर. सरांना पुढे सतरंजीवर जागा मिळाली, चहा मिळाला. मला एका म्हातारीने पदराने दगड पुसून दिला.

"ह्या बाई कोण गं, रतने?"

"माझ्या बाई. शाळंतल्या."

"मालक कुठं हायेत?"

"घरी असतात," मी म्हटलं.

"मग ते पुढं बसल्यालं कोण?"

"ते सर."

"बरं बरं," म्हातारी म्हणाली, आणि माझ्यापासून जराशी सरकून बसली.

पंचांचे म्होरके अण्णा इंगवले. धिप्पाड, शांत. त्यांनी सुरुवातच अशी केली की मला आशा वाटली. "रतन आमची लेक हाय. बाई म्हणून आमची काय हरकत न्हाई. पण रिवाज हाय. रिवाज काय मी काढल्याला न्हाई."

"वरीसभर तीच करतीया की पूजा," बायकांतून कुणीतरी म्हणालं.

"ठावं हाय. पर ते चोरून हुतं. चोरून केल्यालं रिवाजात धरत न्हाईत."

दिनकर कोपऱ्यात बसला होता. हडकुळा, फौंड्रीत कामाला, बोटं काळी पडलेली. तो म्हणाला, "मला काय हौस न्हाई अण्णा. पर खोली गळतीया माझी. पोरं हायेत."

"कोप झाला का गावावर?" रतन उंबऱ्याबाहेरून म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "वरीसभर मी हात लावला देवाला. रोगराई आली? पीक गेलं? कुणाचं काय वंगाळ झालं, तर त्यानं सांगावं."

कुणी सांगितलं नाही. उलट एका बाईने आपल्या सुनेला अंगारा रतननेच दिला होता आणि सून नीट बाळंत झाली, हे सांगितलं. चुळबुळ सुरू झाली. सर मान डोलावत होते, पण तोंड मिटून. मी मनातल्या मनात वहिनींना कळवलं की सगळं ठीक आहे.

मग शेजारच्या गावचे ज्ञानू गुरव बोलले. ऐंशीच्या घरातले, त्या दिवसापुरते बोलावलेले. "भांडता कशापायी? ज्याची पूजा, त्यालाच इचारा. कौल लावू."

सगळ्यांच्या तोंडावर सुटल्याचा भाव आला. कौल म्हणजे मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवायची आणि देवाला प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. कौल मिळाला की वाडीत पुढे वाद नसतो. अण्णांनी रतनला विचारलं, "मान्य?" ती म्हणाली, "मान्य." दिनकरही मान्य म्हणाला, पण उशिरा.

ज्ञानू गुरव गाभाऱ्यात गेले. रतनने डोळे मिटले होते. तिच्या आईने तिचं मनगट धरलं होतं आणि ते तिला दुखत असणार. आतून म्हाताऱ्याचा आवाज आला, "सिद्धोबा महाराज, तुमच्या लेकीच्या हातची पूजा तुमाला चालती का?"

थोडा वेळ काहीच झालं नाही.

"उजवी!" म्हातारा ओरडला. "उजवा दिला देवानं!"

"सिद्धोबाच्या नावानं चांगभलं!" मंडप उठून उभा राहिला. बायकांनी रतनला मिठ्या मारल्या. मला दगड पुसून दिलेली म्हातारी मलाच कवटाळून रडू लागली. अण्णांनी टोपी काढून कपाळ पुसलं आणि म्हणाले, "चला, सुटलो. दिनकर, तुजं काय म्हणणं?"

"देवाच्या म्होरं काय म्हणणार," दिनकर म्हणाला. आणि ते त्याने मनापासून म्हटलं असावं.

इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती.

"एक मिनिट," खोत सर म्हणाले.

मी बाहेरून "सर!" म्हणून हाक मारली. गलक्यात ती पोहोचली नाही, किंवा पोहोचली.

"मंडळी, तुमचा निर्णय बरोबर आहे. अभिनंदन. पण निर्णयाचं कारण चुकीचं आहे. आणि चुकीच्या कारणाने घेतलेला बरोबर निर्णय हा अपघात असतो. ही पाकळी उजवीच पडणार होती."

"म्हंजे?" अण्णा म्हणाले.

"मूर्तीवर अभिषेकाचं पात्र टांगलेलं आहे ना? मी इथून पाहतोय, त्याची धार उजव्या खांद्यावर पडते. पिढ्यान्‌पिढ्या पाणी पडून तो खांदा गुळगुळीत झालाय. डाव्यावर शेंदराची खरबरीत पुटं आहेत. पाकळी कुठून निसटेल? तुम्हीच सांगा."

"दाखवा की सर," दिनकर म्हणाला. त्याच्यात एकाएकी विज्ञानाची ओढ निर्माण झाली होती.

"मी आत जाऊ शकतो?"

"जावा की," अण्णा म्हणाले. "शर्ट काढा म्हंजे झालं."

सरांनी शर्ट काढला. आयुष्यभर देवळाची पायरी न चढलेला माणूस बनियनवर, कमरेच्या चामडी पट्ट्यासकट, सिद्धोबाच्या गाभाऱ्यात शिरला. वर्षभर तो गाभारा धुणारी रतन उंबऱ्याबाहेर उभी होती. कौल मिळाला होता, पण पूजा अजून तिच्या नावावर लागायची होती. तोवर तिने आत जायचं नव्हतं.

आतून सरांचा वर्गातला आवाज आला. "आता मी प्रश्न विचारतो. सिद्धोबा, खोत सर मूर्ख आहेत का?"

पाकळी पडली. उजवी. कुणी हसलं नाही.

"आता उलट प्रश्न. सिद्धोबा, खोत सर शहाणे आहेत का?"

उजवी.

"पाहिलंत? दोन्ही एका वेळी खरं कसं असेल?"

"का असू नये?" माझ्याशेजारची म्हातारी हळूच म्हणाली.

मग सरांनी खिशातला रुमाल काढून देवाचा उजवा खांदा खसाखसा पुसला, कोरडा केला, आणि डाव्यावर तांब्याभर पाणी ओतलं. तोच प्रश्न. या वेळी डावी पडली. सर घामेजलेल्या चेहऱ्याने गाभाऱ्याच्या दारात आले. चाळीस वर्षं शिकवल्यावर एखाद्या वर्गाला काहीतरी समजलंय, असं त्यांना प्रथमच दिसत होतं.

अण्णांनी दारातून देवाचे दोन्ही खांदे बघून घेतले. मग म्हणाले, "आमच्या आज्यानं हिरीची जागा बी कौलानंच काढली हुती."

"पाणी लागलं?" सरांनी विचारलं.

"न्हाई."

"बघा!"

"खरं हाय सर. आम्ही आडाणी माणसं, पर डोळ्यांनी बघितलं. पटलं आमाला. कौल खोटा."

मंडपात माना हलल्या. मंडळाच्या दहा वर्षांत कुणाला काही पटल्याचा हा पहिला प्रसंग होता.

"म्हंजे आत्ताचा कौल बी खोटा," अण्णा म्हणाले.

सर थांबले. शर्टाची एक बाही हातात घातलेली, दुसरी लोंबत होती. खोटं बोलणं त्यांना येत नव्हतं, ते कुणी शिकवलंही नव्हतं.

"तोही," ते म्हणाले. "पण..."

"मंग ऱ्हायला रिवाज."

"रिवाजही तपासायला हवा! तो कुणी केला, का केला..."

"तपासा की. आमची ना न्हाई. फुडच्या येळंला या, तपासू. आज देवाला दिवा लावायचा हाय. दिनकर, उठ."

रतनने सरांकडे बघितलं. "आता दिलं हुतं की त्यानं," ती म्हणाली. "आत्ता दिलं हुतं."

सर बनियनकडे बघत राहिले.

मग मला राहवेना. "अण्णा, कौल जाऊ द्या," मी म्हटलं. "वर्षभर हिने केलेलं काम तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. बापाला उचलून पायरीवर बसवायची ते पाहिलंय. खोली गेली तर या दोघी कुठे..."

"बाई, पाय," कुणीतरी ओरडलं.

मी खाली बघितलं. बोलता बोलता माझा एक पाय उंबऱ्याच्या आत पडला होता. गलका झाला. त्यानंतर माझं बोलणं कुणी ऐकलं नाही, कारण बैठकीपुढे नवा प्रश्न आला होता: मंडप पाण्याने धुवायचा की गोमूत्र शिंपडून भागेल. यावर दोन्ही बाजूंनी बरीच मतं पडली. मी पाय मागे घेतला. सरांचा चामडी पट्टा मी पुढे करून दाखवणार होते, पण त्याने आता कुणाचं काय भलं होणार होतं.

निघताना रतन म्हणाली, "सर, रुमाल ऱ्हायला तुमचा. आत."

आम्ही तिघंही गाभाऱ्याकडे बघत उभे राहिलो. रुमाल देवाच्या खांद्यावर होता. शेवटी दिनकरने तो आणून दिला.

आम्ही स्कूटरवरून परत निघालो. ओढ्याच्या फरशीवर त्यांनी गाडी थांबवली.

"मॅडम, मी खोटं बोलायला हवं होतं का?"

"नाही, सर. खोटं नाही."

"मग?"

"गप्प बसायचं होतं."

"म्हणजे अंधश्रद्धा डोळ्यांदेखत चालू द्यायची?"

"हो."

ते विचारात पडले. माझं म्हणणं पटवून घ्यायला नव्हे, तर ते कुठल्या तत्त्वात बसतं हे ते शोधत होते, आणि ते कुठल्याच तत्त्वात बसत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्यांच्यावर धड रागावताही येईना. मग त्यांनी गाडीला किक मारली.

पुढच्या रविवारी चौगुल्यांनी सरांच्या अभिनंदनाचा ठराव मांडला. प्रात्यक्षिकाच्या जोरावर एका अख्ख्या गावाने कौलप्रथा सोडली, ही मंडळाची सर्वांत मोठी कामगिरी होती. सर म्हणाले, ठराव नको. कुंभोजे म्हणाले, हा तुमचा विनय. ठराव मंजूर झाला. मी विरोधात हात वर केला आणि अक्षर चांगलं असल्यामुळे तेही मीच लिहिलं. आतून वहिनींनी पोहे पाठवले. सरांनी बशीला हात लावला नाही.

रतनसाठी मी जे करता येईल ते केलं, म्हणजे फारसं काही नाही. वसतिगृहात स्वयंपाकाचं काम बघितलं; ती म्हणाली, आई वाडी सोडत नाही. तहसील कचेरीतल्या ओळखीच्या कारकुनाला विचारलं. तो म्हणाला, देवस्थानाचं प्रकरण आहे, हात लावू नका. चौगुल्यांचं शिलाई मशीन आलंच नाही.

पाचसहा वर्षांनी ती मला बाजारात भेटली. फुलांच्या गाड्यावर झेंडू निवडत होती, एकेक फूल उलटंसुलटं करून. अंगाने भरली होती. आई गेल्याचं सांगितलं. कुठे राहतेस विचारलं.

"खोलीतच की, बाई. देवळामागच्या."

"दिनकरने राहू दिलं?"

"त्यानंच ठिवलं. फौंड्रीत फर्स्ट शिफ्ट असती न्हवं त्याची. पाचच्या आत गाडी धरतो."

"मग पूजा?"

"पूजा त्याच्या नावावर हाय."

"ते कळलं गं. पण सकाळी पूजा करतं कोण?"

"मीच की," रतन म्हणाली, आणि फुलवाल्याशी भाव करायला वळली.